टाचणी आणि शब्दकोश

पुस्तकाला टाचणीनं भोकं पाडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पुस्तक कसं हाताळावं हेही मला त्यानंच शिकवलं. या दोन गोष्टी एकाच माणसाकडून होतील असं मला तेव्हा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तेव्हा मी पुस्तकांना खाकी कव्हर घालणाऱ्यांपैकी होतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असावीत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी निर्यात खात्यात कारकून होतो. आमचे पंप आखातात जात आणि तिकडून येणाऱ्या कागदांवर अरबी शिक्के असत. साहेब ते शिक्के उलटे धरून वाचल्यासारखं करत आणि मान डोलावत. आपण अरबी शिकलो तर निदान कागद सुलटा धरू, एवढ्याच महत्त्वाकांक्षेनं मी शिक्षक शोधायला निघालो. जुईनगरला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ अरबी शिकवतात, पैसे घेत नाहीत आणि डोकं खातात, असं कळलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

ते मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, कोकणी मुसलमान. वीस-बावीस वर्षं आखातातल्या एका बंदरावर पेट्या मोजायच्या कामावर होते. नंतर इकडे येऊन त्यांनी या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी पहिल्या दिवशी 'सर' म्हणालो तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू पाठीमागे कोणी आलंय. मग म्हणाले, "सर कोन? आमी बंदरावर पेट्या मोजत होतो."

वर्ग गॅलरीत भरे. रविवारी दुपारी आणि बुधवारी संध्याकाळी. खजुराची एक लाकडी पेटी पालथी घातलेली, तिच्यावर कोश. कोश म्हणजे विटेएवढा जाड, मातकट पुठ्ठ्याचा, कोपरे झिजून गोल झालेला अरबी-इंग्रजी शब्दकोश. त्या पेटीवर चहाचा कप ठेवायची कोणालाही परवानगी नव्हती. आत कोशाला शेकडो, कदाचित हजारो भोकं पाडलेली होती, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं.

पद्धत अशी होती. चाचांच्या शर्टाच्या कॉलरला आतल्या बाजूनं कायम एक टाचणी खोवलेली असे. कोशात एखादा शब्द पाहिला की त्या शब्दाशेजारी समासात टाचणीनं एक भोक पाडायचं. पुन्हा तोच शब्द पाहावा लागला तर दुसरं भोक. सात भोकं झाली की त्या शब्दाला कोशात पाहायची बंदी. तो कागदावर लिहून माठाच्या वर भिंतीला चिकटवायचा आणि पाणी पिताना पाठ करायचा. त्यांच्या माठावरची भिंत बाहेरून आलेल्या माणसाला मंतरलेली वाटे. तिथं खरं तर 'गोदाम', 'दोरखंड', 'ओला माल' असले शब्द होते.

मी विचारलं, पेन्सिलीनं टिंब का नाही करायचं? ते म्हणाले की टिंब फुकट असतं, भोक पाडताना जीवावर येतं, आणि जीवावर आल्याशिवाय शब्द लक्षात राहत नाही. शिवाय अरबी लिपीत आधीच इतकी टिंबं आहेत की आपली भर घालणं हा उद्धटपणा. मी म्हणालो, पण भोक पानाच्या मागच्या बाजूला पण दिसतं, तिथल्या शब्दाला विनाकारण भोक. त्यांनी माझं बोट धरून पानावरून फिरवलं. टोचलेल्या बाजूला भोक गुळगुळीत लागतं, मागच्या बाजूला खरखरीत. "खरखरीत असंल तर ते आपलं न्हाय, शेजाऱ्याचं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

वर्गात सुरुवातीला सात जण होते. दोन महिन्यांत आम्ही दोघे उरलो. दुसरी एक नर्स होती. ऐरोलीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये कामाला, राहायला दिघ्याला. नवरा अपघातात गेलेला, मुलगी चौथीत. आखातातल्या इस्पितळात दोन वर्षं नोकरी करायची, वर्षानं एकदा रजेवर यायचं, तोवर मुलगी आईकडे, असा तिचा बेत होता. पहिल्याच दिवशी तिनं हे सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली की मला कविता-बिविता नको, मला कागद वाचता आला पाहिजे. "तिकडं गेल्यावर कोण मला फसवतंय ते मला कळलं पाहिजे, बास." मुलीला तिनं वचन दिलं होतं की पाचवीचा निकाल लागेल तेव्हा आई दारात असेल. हे वचन तिनं आम्हालाही इतक्यांदा ऐकवलं की ते जणू आम्हीच दिल्यासारखं झालं होतं.

बाकीचे पाच का गळाले हे सांगायचं तर अरबी कोशाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आपल्या कोशात शब्द जसा दिसतो तसा शोधतात. जुन्या पद्धतीच्या अरबी कोशात शब्द त्याच्या मुळाखाली असतो, आणि मूळ बहुधा तीन अक्षरांचं. पुस्तक, लेखक, कचेरी हे तीनही शब्द 'लिहिणे' या एकाच मुळाखाली एकत्र नांदतात. म्हणजे शब्द शोधायचा तर आधी त्याची पुढची-मागची अक्षरं सोलून आतली तीन काढायची. थोडक्यात, शब्द शोधण्याइतका तो आधीच ओळखता आला पाहिजे. पाच जणांना हा अन्याय वाटला. मलाही वाटला होता. चाचांचं म्हणणं असं की कोळंबी सोलल्याशिवाय कोणी खातं का.

बाजारात सरळ वर्णानुक्रमानं लावलेले नवे कोश मिळत. उच्चार इंग्रजीत दिलेले, खिशात मावणारे. आमच्यातल्या एकानं तसला एक आणला होता. चाचांनी तो तळहातावर ठेवून वजन केलं आणि परत दिला. खिशातला कोश खिशातच राहतो, एवढंच म्हणाले. तो पुढच्या रविवारी आला नाही. कोशही आला नाही.

कोश निवडायला ते आम्हाला घेऊन भेंडी बाजारातल्या एका पुस्तकाच्या दुकानात गेले होते, त्या दिवसाची हकीकत सांगितली पाहिजे. माणूस पापलेट घेताना जसा वागतो तसे ते वागले. कोश मध्यावर उघडून टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. उघडा राहिला तर ठीक, मिटला तर बाद. "ह्याला आपली गरज न्हाय," असं मिटलेल्या कोशाबद्दल म्हणाले. मग पुठ्ठा वाकवून पाहिला, शिवण पाहिली, पान नाकाजवळ नेलं. दुकानदार ओळखीचा होता. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून हळूच म्हणाला की आता नांगर येणार.

आणि नांगर आलाच. चाचांची कोश तपासायची रीत अशी की ज्या गोष्टीतलं आपल्याला पक्कं कळतं तिचा शब्द काढायचा. न येणारा शब्द काढून कोश पारखता येत नाही, कारण तो काय सांगेल ते आपल्याला मानावंच लागतं. त्यांचा शब्द म्हणजे जहाजाचा नांगर. मला त्यांनी तो शोधून वाचायला सांगितला. एका चकचकीत कोशात 'जहाजाचे एक उपकरण' एवढाच अर्थ होता. तो त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला. ज्यानं नांगर पाहिला नाही त्यानं बाकीचं काय पाहिलं असेल, असं त्यांचं मत. नर्सला म्हणाले, बाय, तुझा शब्द काढ. तिनं 'ताप' काढला. कोशात साधा ताप, हिवताप, थंडी वाजून येणारा ताप असं सगळं ओळीनं होतं. तिनं मान हलवली, जणू डॉक्टरांची फेरी बरोबर चाललीय. मला माझा शब्द विचारला तेव्हा मी जरा विचार करून 'तत्त्वज्ञान' म्हणालो. दुकानदार कोश फडक्यानं पुसू लागला, नर्स आणि चाचा माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहू लागले. शेवटी मी 'पंप' काढला.

आम्ही दोघांनी चाचांच्या कोशाचीच आवृत्ती घेतली. तीच पानं, तेच क्रमांक. आपला कोश दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा मागायचा नाही, दात घासायच्या ब्रशासारखं, हा नियम बसमधून येतानाच सांगण्यात आला. आणि एक इशारा. मराठीत अरबी शब्दांची मोठी फौज आहे, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. ते इकडे येऊन शेकडो वर्षांत बदललेले असतात, इथल्या पाण्यानं. आपल्याकडचा 'गरीब' तिकडे परका माणूस असतो. नर्स खिडकीबाहेर बघत म्हणाली की दोन्ही एकच झालं की.

त्यांचा सगळ्यात त्रासदायक नियम म्हणजे ते कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगत नसत. काहीही विचारा, उत्तर एकच: "उघडून बघ." आम्ही उघडायचं, मोठ्यानं वाचायचं, ते डोळे मिटून ऐकायचे आणि चूक असेल तिथं जिभेनं चक् करायचे. वही तपासायला दिली तर म्हणायचे, तुझं अक्षर मला नको दाखवू, वाच. पेपरसुद्धा चाची त्यांना वाचून दाखवत आणि ते आरामखुर्चीत पडून ऐकत. मला हा जुन्या खानदानी माणसांचा थाट वाटे. त्यांच्या शिकवण्याच्या या रीतीनं मी इतका भारावलो होतो की ऑफिसात दुपारच्या डब्याला मी तिच्यावर दोनदा व्याख्यान दिलं. शिष्याला स्वतः शोधायला लावणारा गुरू, वगैरे. थाटामाटाची टर उडवण्यात मी स्वतःला पटाईत समजत असे. स्वतःच्या हातानं उभारलेला थाट मात्र ओळखू येत नाही.

वर्षभरानं, एका रविवारी, नर्स वेळेच्या आधीच येऊन बसली होती. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद. वाशीच्या एका एजन्सीनं तिचं काम ठरवलं होतं. इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, इस्पितळात नर्स, दोन वर्षांचा करार, दरवर्षी एक महिना रजा. सोबत अरबी करार, त्याच्यावर सही करायची. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. एजंट म्हणाला होता की दोन्हीत एकच मजकूर आहे, टेन्शन घेऊ नका.

"चाचा, आज शिकवू नका," ती म्हणाली. "आज नुसतं वाचून सांगा."

चाचांनी कागद हातात घेतला. जरा लांब धरला, जवळ आणला, अंगठ्यानं त्याची कड चाचपली. मग तो पेटीवर ठेवून म्हणाले, "कोश उघड."

"कोश नंतर. इस्पितळ हा शब्द मला झोपेत पण येतो. तो या कागदात कुठंच नाही. मी बसमध्ये तीनदा बघितलं. म्हणून विचारतेय."

"उघडून बघ, बाय."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, तिचा आवाज फक्त खाली आला. "पोरगीला आईकडे ठेवून जायचंय मला. तुम्हाला वाचता येतंय आणि तुम्ही सांगत नाही. हे असलं कसलं शिकवणं?"

चाची आतून हात पुसत आल्या आणि चौकटीत उभ्या राहिल्या. त्या नवऱ्याकडे न बघता आमच्याकडे बघत म्हणाल्या, "सांगा की आता तरी. किती दिवस लपवनार?"

चाचांनी कॉलर सारखी केली.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. उजेड दिसतो. तुमी दोघं सावलीसारखे दिसता. अक्षर न्हाय दिसत."

काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकली तर नशीब. त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. आंधळ्याकडे अरबी शिकायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं, हे चाचींनी नंतर सांगितलं. मला एकदम सगळं आठवत गेलं. मिटलेले डोळे, न तपासलेली वही, पेपर, चहा ओतताना कपात घातलेलं बोट, जिन्यात आमच्या चपलांवरून आम्हाला ओळखणं, दुकानात माझ्याकडून वाचून घेतलेला नांगर. आणि माझी दोन व्याख्यानं.

नर्स मात्र माझ्यापेक्षा व्यवहारी होती. आयुष्यभर पेशंट पाहिलेली बाई. तिनं अरे-बापरे केलं नाही. तिनं आपली वही काढली आणि कोश मांडीवर घेतला.

"मी अक्षरं वाचते," ती म्हणाली. "तुम्ही पान सांगा."

त्या दुपारी मी जे पाहिलं ते मला पुढं कुठल्याही विद्यापीठात पाहायला मिळालं नाही. ती एकेक शब्द अक्षर-अक्षर वाची. चाचा तो डोक्यातल्या डोक्यात सोलत. "पहिला म सोडून दे. न, झ, ल. शेवटाकडं जा, न मध्ये. डावं पान, खालती." पान एखाद-दोनानं चुके, कधी पाचानं. ते नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढंमागं कोणीतरी दंतकथा करील. पण मूळ कधीच चुकलं नाही. मी माझ्या कोशात ताडून पाहत होतो. ती अर्थ वाची, चाचा पूर्ण ओळ जुळवून मराठीत सांगत आणि ती वहीत उतरवे. अडेल तिथं चाचा स्वतःचा कोश मांडीवर घेऊन समासावरून बोट फिरवत, भोकं चाचपत, आणि म्हणत, हा, इथं आमी आलेलो.

म, न, झ, ल चा शब्द होता 'घर'. तो 'उतरणे' या मुळाखाली सापडला, जिथं माणूस उतरतो ते घर. नर्सनं तो बसमध्ये म खाली शोधला होता आणि न सापडल्यामुळे सोडून दिला होता. ओळ अशी होती की दुसरा पक्ष, म्हणजे नर्स, पहिल्या पक्षाच्या, म्हणजे मालकाच्या, घरी काम करील. त्याच्या वृद्ध आईची देखभाल आणि सांगितलेली इतर कामं. त्याच्या खालची ओळ अशी की रजा दोन वर्षं पुरी झाल्यावर, आणि तीही पहिल्या पक्षाच्या मर्जीनं.

ही दुसरी ओळ उतरवताना तिचं पेन थांबलं. "दोन वर्षांनी," ती म्हणाली. "म्हणजे सहावीचा निकाल." मग म्हणाली, "मर्जी झाली तर."

शेवटच्या ओळीतले दोन शब्द झेरॉक्समध्ये पुसटले होते. मी संदर्भावरून एक अर्थ सुचवला. मला बरा वाटला होता तो. चाचा म्हणाले, जागा मोकळी सोड. जेवढा शब्द तेवढी मोकळी जागा. बंदरावर त्यांनी एकदा पुसटलेला शब्द अंदाजानं भरला होता आणि अख्खं जहाज औषधांऐवजी खतं उतरवून गेलं होतं. तेव्हापासून मोकळी जागा सोडायची हा त्यांचा शेवटचा आणि सर्वात कडक नियम.

संध्याकाळी नर्सनं वही मिटली. चाचांनी टाचणी काढून तिच्यापुढं धरली. आज इतके शब्द पाहिले होते, भोकं पाडायची राहिली होती. तिनं एकेक पान काढून सगळी पाडली. मी हसू लागलो होतो, पण ती दोघं इतक्या गंभीरपणे ते करत होती की मी माझ्या कोशालाही दोन पाडली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर वाशीला गेलो. एजंटचं ऑफिस थंडगार होतं. काचेचं टेबल, मागे जगाचा नकाशा, आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक प्रचंड अरबी शब्दकोश, कडांना सोनेरी मुलामा दिलेला. नर्सनं वही उघडून ओळी वाचून दाखवल्या. एजंट हसला. म्हणाला, ताई, ही कोर्टाची भाषा असते, तिचा अर्थ असा लावायचा नसतो, माझा तिकडच्या भाषेचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

"मग या दोन मोकळ्या जागा तेवढ्या सांगा," ती म्हणाली आणि तिनं तो सोनेरी कोश आपल्याकडे ओढून मध्यावर उघडला. कडांचा मुलामा एकमेकांना चिकटलेला होता. पानं पापड मोडावा तसा आवाज करत सुटली. तो कोश त्या क्षणापर्यंत कधीही उघडलेला नव्हता. त्यातून हात काढताच तो फट् करून मिटला.

"ह्याला आपली गरज नाही," ती माझ्याकडे वळून म्हणाली. एजंटला वाटलं ती नोकरीबद्दल बोलतेय. तसंही ते बरोबरच होतं. तो म्हणाला, गेल्या महिन्यात याच्यावर अकरा जणींनी सह्या केल्या, कुणी काही विचारलं नाही. ती फोल्डर उचलून उठली.

हा प्रसंग मी विजयाचा म्हणून सांगत नाही. खाली रस्त्यावर आल्यावर ती बराच वेळ रसवंतीच्या बाकावर बसून राहिली होती. नर्सिंग होमची नोकरी तिनं आठवड्यापूर्वीच सोडली होती. मुलीचं दप्तर आईकडे पोचलं होतं. खरं काय ते कळलं, पण कळल्यानं त्या दिवशी तरी तिच्या हातात काही पडलं नव्हतं. त्या अकराजणींचं काय झालं असेल असं तिनं मला दोनदा विचारलं. तिथं मी जागा मोकळी सोडली.

वर्ग पुढंही चालू राहिला. फरक एवढाच की आता चाचा डोळे उघडे ठेवून ऐकत. मी त्यांना एकदा विचारलं की नजर होती तेव्हाही तुम्ही 'उघडून बघ' म्हणूनच शिकवत होता का? मला माझ्या व्याख्यानांचं काहीतरी वाचवायचं होतं. ते म्हणाले, "नजर होती तेव्हा कोन येत होतं शिकायला?"

नर्सला पुढच्या वर्षी दुसरीकडून काम मिळालं, खऱ्या इस्पितळात. करार आला तेव्हा तिनं तो घरीच बसून वाचला. रजा वर्षानं, असं दोन्ही भाषांत लिहिलं होतं. न आलेले तीन शब्द तिनं स्वतः शोधले आणि बुधवारी आम्हाला फक्त सांगितले. मग ती गेली. कोश तिनं विमानात जवळ ठेवायच्या पिशवीत घेतला होता, कपड्यांच्या सामानात टाकायला तयार नव्हती. तिच्या जागी वर्गात कोणी आलं नाही. चाचा आणि मी दोघंच कोशासमोर बसू लागलो, बऱ्याचदा न उघडताच.

वर्षानं ती रजेवर आली. आल्यावर दोन दिवसांनी जुईनगरला आली, मुलीला घेऊन. पाचवीच्या निकालाला ती इथंच होती, आता मुलीचा सहावीचा निकाल लागायला अजून चार दिवस होते. आई दारात उभी राहील याची आता तिला काळजी नव्हती, कारण ती आईची ओढणी सोडतच नव्हती. जिन्यात पाऊल वाजताच चाचा उठून बसले. ती जाडी झाली होती, भराभर अरबी बोलत होती, आणि चाचांच्या बंदरावरच्या अरबीला हसत होती. चाचांना ते आवडलेलं दिसलं नाही, म्हणजे आवडलं होतं.

मग तिनं पिशवीतून आपला कोश काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी आधी वजन केलं. कोपरे चाचपले. मग सुरुवातीपासून पानं उलटत समासावरून बोट फिरवत गेले. वर्षभर तिथं ती काय करत होती ते त्यांना असं बोटानं कळत गेलं असावं. मध्येच थांबत, हं म्हणत. पहिला एक-तृतीयांश भाग संपायच्या सुमाराला त्यांचं बोट एका जागी अडकलं. त्यांनी पान पुढं-मागं केलं. गुळगुळीत बाजू, म्हणजे तिचीच भोकं. ते नखानं मोजू लागले. सातापुढं गेले, वीसपुढं गेले, मग मोजायचे थांबले. तिथं समासात कागद उरलाच नव्हता, चाळणी झाली होती.

"सातानंतर बंदी असते," ते म्हणाले. "कुठला शब्द हा?"

नर्सनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

"उघडून बघा," ती म्हणाली.

चाचांनी कोश मिटला, पाठीवरून त्याची जाडी बोटांत धरून पाहिली, पुन्हा त्याच जागी उघडला. ओठ हलले. 'र' च्या आधीची पानं किती, नंतरची किती, हा त्यांचा जुना हिशेब. मी खाली वाकून पाहिलं, पण मला विचारायची त्यांना गरज नव्हती.

"परत येनं," ते म्हणाले. "हा तर तुला पहिल्या महिन्यातच पाठ होता."

"होता ना."

चाची आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप पेटीवर ठेवला. चाचांनी तो तिथंच राहू दिला. त्यांनी कॉलर उलटून टाचणी काढली, बोटानं समासातली शेवटची शाबूत जागा शोधली आणि तिथं, तो शब्द आज पुन्हा पाहिला म्हणून, आणखी एक भोक पाडलं.